शेण न्यायचे कुठे? : काशीतील गोठे आणि दंडाचा हिशेब

काशीला जाणारा मराठी माणूस बहुधा विश्वेश्वराचे दर्शन, गंगास्नान आणि एखाद्या दिवंगत आप्ताच्या अस्थींचे विसर्जन हे योजून जातो. परमुलुखात आलो असे मात्र तेथे फारसे वाटत नाही. १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी उभारलेले विश्वेश्वराचे मंदिर, त्यांच्याच नावाचा घाट, शिंदे आणि भोसले यांचे घाट, दुर्गाघाट व ब्रह्माघाट या परिसरात पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी घराणी, यांमुळे तेथील दगडांतही ओळखीची खूण सापडते. काही वर्षांपूर्वी शासकीय कामासाठी वाराणसीस गेलो असता एका सकाळी मीही या भागातील गल्ल्यांतून हिंडत होतो. तेथे पाहिलेली एक साधी गोष्ट मनात घर करून राहिली आणि तिच्यामागचा इतिहास शोधावासा वाटला. हा लेख त्या शोधाचे फलित होय.

गल्लीच्या एका वळणावर दहा-बारा म्हशींचा गोठा होता. मागच्या भिंतीलगत कमरेइतका उंच शेणाचा ढीग साचला होता आणि एक मुलगा रबरी नळीने जमीन धूत होता. पाण्याबरोबर शेण उघड्या गटारात जात होते. ते गटार पुढे कोठे जाते हे सांगण्यासाठी नकाशाची गरज नव्हती. उतार गंगेकडेच होता. माझ्यासोबत आलेल्या स्थानिक सहकाऱ्याने सांगितले की, या गोठ्याला अनेकदा नोटीस दिली असून दंडही झाला आहे. मालक वयस्क होता. त्याने वाद घातला नाही. पावत्यांची चळत दाखवून त्याने एवढेच विचारले की, दंड भरतोच आहे, पण हे शेण मी नेऊन टाकावे कोठे? आम्हा दोघांपाशीही उत्तर नव्हते. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु व्यवसायातून निघणारा कचरा मालकाने स्वतःच्या आवारात किती आणि किती दिवस साठवावा, मर्यादा ओलांडल्यास शासनाने काय करावे, या विषयाचा साराच इतिहास त्यात सामावला आहे.

प्रारंभ कौटिल्यापासून करता येईल. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नागरिक या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. रस्त्यावर केर टाकणाऱ्यास पणाचा आठवा हिस्सा आणि चिखल-पाणी तुंबवणाऱ्यास पाव पण दंड आहे; हाच गुन्हा राजमार्गावर घडल्यास दंड दुप्पट. पुण्यस्थान, पाणवठा, देवालय आणि राजवास्तू येथे घाण करणाऱ्यास चढत्या श्रेणीचा दंड आहे. दंडाची ही चढण जागेच्या महत्त्वानुसार ठरवलेली दिसते. मात्र त्याच ठिकाणी एक अपवादही आहे. औषध, व्याधी किंवा भय यांमुळे ज्याच्या हातून असे घडले, त्याला दंड नाही. जे टाळणे माणसाच्या हाती नव्हते त्याबद्दल त्याला शिक्षा करू नये, हे तत्त्व या अपवादामागे आहे. वाचकांनी हा अपवाद ध्यानात ठेवावा.

पुढे शतके उलटली तरी काशीच्या सांडपाण्याचा प्रश्न राहिलाच. १८२० मध्ये जेम्स प्रिन्सेप येथील टांकसाळीत धातुपरीक्षक म्हणून आला. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा तो हाच. काशीतील दहा वर्षांच्या वास्तव्यात त्याने शहराची गणना केली, नकाशा तयार केला आणि दाट वस्तीतील साचलेले पाणी वाहून नेण्यासाठी कमानीचे भुयार बांधले. मत्स्योदरी तलावाचे पाणी काढले गेले ते याच काळात. घाण साचली की तिला नदीची वाट मोकळी करून द्यावी, ही त्या युगाची अभियांत्रिकी होती आणि तत्कालीन लोकसंख्येला ती पुरलीही.

१८८६ मध्ये शहरातील प्रतिष्ठितांनी ‘काशी गंगा प्रसादिनी सभा’ स्थापली. शुद्ध पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची व्यवस्था हे तिचे उद्दिष्ट होते. १८९२ मध्ये भदैनीचे पाणीपुरवठा केंद्र सुरू झाले. नळाचे पाणी घरोघर आले, ही प्रगतीच होती. पण तिचा एक परिणाम कोणी मोजला नसावा. पाणी खांद्यावरून वाहून आणावे लागत होते तोवर शेण धुऊन टाकणे परवडणारे नव्हते. ते गोळा करून थापण्यातच शहाणपण होते. नळ आल्यावर धुणे सोपे झाले. तरीही गोवऱ्यांना गिऱ्हाईक होते तोपर्यंत शेण ही विकण्याची वस्तू राहिली. घाटांच्या पायऱ्यांवर आणि भिंतींवर वाळत घातलेल्या गोवऱ्या काशीच्या जुन्या प्रवाशांनी पाहिल्याच असतील.

एखादी वस्तू कचरा केव्हा होते, या प्रश्नाचे अर्थशास्त्रातील उत्तर सोपे आहे. ती वाहून नेण्याचा खर्च तिच्या किमतीपेक्षा अधिक झाला की ती कचरा झाली. स्वयंपाकघरात केरोसीन व पुढे गॅस आला, भोवतालची शेते वस्तीखाली गेली, गल्लीत बैलगाडी शिरेना. शेणाची किंमत घटली आणि वाहतूक महागली. दुधाचा धंदा मात्र शहरातच राहिला, कारण दूध नाशवंत आहे आणि समोर काढलेल्या दुधावर गिऱ्हाइकाचा विश्वास असतो. अशा रीतीने धंदा शहरात आणि त्याच्या कचऱ्याचे गिऱ्हाईक शहराबाहेर, अशी फारकत झाली. मधल्या जागेत तो ढीग उभा राहिला.

कायद्याने काय केले, हे आता पाहू. १८६० च्या भारतीय दंड संहितेत सार्वजनिक उपद्रवास कलम २९० अन्वये जास्तीत जास्त २०० रुपये दंड होता. १८६० मध्ये ही रक्कम जबर होती. आश्चर्य असे की, ती १६४ वर्षे तशीच राहिली. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली तेव्हा ती १,००० रुपये झाली. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमात पाच वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड होता. ही एक लाखाची मर्यादाही २०२३ च्या जनविश्वास अधिनियमापर्यंत हलली नाही. त्यानंतर कारावासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंडाची तरतूद आली. महागाई दरवर्षी वाढते आणि कायद्यातील आकडा मात्र जागचा हलत नाही. शिक्षा रद्द करण्याचा ठराव कोणी केला नाही, तरी ती आपोआप माफ होत गेली.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. गुन्हा करू पाहणारा माणूस शिक्षेची रक्कम आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा गुणाकार मनात करतो. समजा, गोठ्यातील शेण रोज वाहून नेण्यास दिवसाला दोनशे रुपये लागतात, म्हणजे वर्षाला त्र्याहत्तर हजार. वर्षातून दोनदा पाच-पाच हजारांचा दंड झाला तर खर्च दहा हजार. अशा स्थितीत दंड ही शिक्षा उरत नाही, तो ढीग ठेवण्याचे भाडे होतो. त्या वृद्ध मालकाच्या हातातील पावत्या प्रत्यक्षात भाडेपावत्याच होत्या आणि आम्ही त्यांची नोंद ‘प्रभावी कारवाई’ या रकान्यात करीत होतो.

दंड वाढवला की प्रश्न सुटेल असे यावर वाटते. प्रारंभी मलाही तसेच वाटत होते. परंतु १९८८ चा एक निकाल वाचल्यावर मत बदलले.

१४ जून १९८६ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी वाराणसीच्या राजेंद्रप्रसाद घाटावर गंगा कृती योजनेचा शुभारंभ केला. त्याआधीच, १९८५ मध्ये, अधिवक्ता एम. सी. मेहता यांनी गंगेच्या प्रदूषणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. २२ सप्टेंबर १९८७ चा पहिला निकाल कानपूरच्या चर्मोद्योगांविषयी होता. कारखाने बंद पडल्यास बेकारी येईल आणि महसूल बुडेल हे मान्य करूनही लोकांचे जीवन, आरोग्य व पर्यावरण यांचे महत्त्व अधिक आहे, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल प्रसिद्ध आहे. १२ जानेवारी १९८८ चा दुसरा निकाल तुलनेने कमी वाचला जातो. न्यायमूर्ती ई. एस. वेंकटरामय्या यांनी लिहिलेल्या या निकालात रोख कारखान्यांवरून महापालिकेकडे वळला. १९५९ च्या उत्तर प्रदेश महापालिका अधिनियमातील तरतुदी उद्धृत करून, मैला व घाण हटवण्याचे कर्तव्य कायद्यात आधीपासून आहे, ते पार मात्र पाडले गेलेले नाही, असा निष्कर्ष त्यात काढला आहे.

याच निकालात गोठ्यांविषयी एक स्वतंत्र निर्देश आहे. कानपूर शहरातील गोठ्यांत त्या वेळी सुमारे ८०,००० जनावरे होती आणि तेथे साचलेला कचरा अखेर गंगेत जात होता. न्यायालयाने महापालिकेपुढे दोन पर्याय ठेवले. एक तर गोठे शहराबाहेर हलवावेत; नाही तर गोठ्यांतील कचरा मोटार वाहनांनी उचलून नेण्याची व्यवस्था करावी आणि तसे केल्यास मालकांना नुकसानभरपाई मागता येणार नाही. नुकसानभरपाईचा हा उल्लेख मला विशेष वाटतो. शेण उचलून नेले तर मालकाचे नुकसान झाले असे मानले जाण्याची शक्यता ज्या अर्थी विचारात घेतली गेली, त्या अर्थी तेव्हाही शेणाला काही मोल होते. हे निर्देश केवळ कानपूरपुरते नव्हते. गंगाकाठच्या इतर सर्व महापालिका व नगरपालिकांना ते योग्य त्या फेरफारांसह लागू राहतील, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे १९८८ पासून वाराणसीही त्यांनी बांधली गेली.

निर्देशातील दोन्ही पर्याय कोणाला उद्देशून आहेत, हे पाहण्यासारखे आहे. हलवण्याचा आदेश द्यायचा तर जागा कोणी तरी नेमली पाहिजे. वाहनाने न्यायचे तर वाहन आणि ते रिकामे करण्याचे ठिकाण हवे. गोठेवाल्याने शेण साठवू नये एवढ्यावर न्यायालय थांबले नाही. ते कोठे आणि कसे जाईल याचा भार त्याने पालिकेवर टाकला. कौटिल्याच्या अपवादामागचे तत्त्वच येथे वेगळ्या भाषेत आले आहे. दुसरा मार्ग उपलब्ध करून दिल्यानंतरच दंडाला नैतिक बळ येते.

व्यवहारात मात्र आम्ही प्रशासकांनी सोपा भाग उचलला. नोटीस काढणे सोपे असते, तिला क्रमांक असतो, आढावा बैठकीत ती मोजता येते. जागा नेमण्यासाठी महसूल, पशुसंवर्धन, नगरविकास आणि जलनिगम अशा अनेकांना एकत्र बसावे लागते आणि त्या बैठकीचे श्रेय कोणाच्याच रकान्यात जात नाही.

घातक कचऱ्याच्या बाबतीत हीच कथा अधिक दारुण रूपात दिसते. २००८ च्या नियमांनी कारखान्याला घातक कचरा नव्वद दिवसांपेक्षा अधिक काळ साठवण्यास मनाई केली आणि २०१६ च्या नियमांनीही ती मर्यादा कायम ठेवली. २००८ च्या नियमांतच एक सवलत होती : संबंधित राज्यात विल्हेवाटीची सोयच उपलब्ध नसेल तर मुदत वाढवता येईल. कायदा करणाऱ्यालाही ठाऊक होते की, मर्यादा आधी आली आहे आणि जागा अजून यायची आहे. कानपूर देहातमधील रनिया येथे क्रोमियमयुक्त कचऱ्याचे ढीग १९७६ पासून पडून होते. भूजल दूषित झाले, भोवतालच्या गावांना ते भोगावे लागले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ उद्योगांवर २८० कोटी रुपयांची भरपाई लादली. त्याच आदेशात राज्य शासनावर १० कोटी आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळावर १ कोटी रुपयांचा भार टाकला. ढीग ज्यांनी केला त्यांच्याबरोबर ज्यांनी तो चाळीस वर्षे पाहिला तेही उत्तरदायी ठरले. शासकीय सेवकाने हा आदेश आपल्या टेबलावर ठेवावा असे मला वाटते.

गोठे आणि क्रोमियम यांची तुलना विषम आहे, हे मान्य. शेण विष नव्हे. परंतु नदीत स्नान करणाऱ्याच्या दृष्टीने ते निरुपद्रवीही नाही. स्नानयोग्य पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य जिवाणूंची संख्या ५०० पर्यंत असावी आणि २,५०० च्या वर कदापि जाऊ नये, असे मानक आहे. हे जिवाणू माणसाच्या मैल्यात असतात तसेच गुरांच्या शेणातही असतात. संकटमोचन मंदिराचे महंत आणि काशी हिंदू विश्वविद्यालयातील जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांनी १९८२ मध्ये प्रतिष्ठान स्थापून गंगेच्या पाण्याची तपासणी हाती घेतली. २०१३ मध्ये ते निवर्तले. ज्या पाण्याचा अहवाल ते वैज्ञानिक म्हणून लिहीत, त्याच पाण्यात ते श्रद्धेने स्नान करीत. शिवाय शेण व त्यातील चाऱ्याचे अवशेष भुयारी गटारात बसले की ती तुंबतात आणि दीनापूरसारख्या शुद्धीकरण केंद्राकडे जाण्याऐवजी मैला वाटेतच उफाळून घाटाकडे वळतो. एका गोठ्याच्या ढिगाची किंमत अशा रीतीने हजारो अनोळखी लोक भरतात. पिगूने १९२० मध्ये ज्या बाह्य खर्चाचे विवेचन केले, तो याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

नियम अलीकडे अधिक काटेकोर झाले. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचऱ्याच्या व्याख्येत दुग्धव्यवसायाचा कचराही घेतला आणि दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या आस्थापनांवर वेगळी जबाबदारी टाकली. एक म्हैस दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकते. म्हणजे सहा-सात म्हशींचा मालक मोठ्या हॉटेलच्या पंक्तीला जाऊन बसतो. हॉटेलला कंत्राटदार मिळतो आणि खर्च बिलात मिळवता येतो. गोठेवाल्याला त्या अरुंद गल्लीत कंत्राटदार कोठून मिळणार? नियम दोघांना सारखा आहे, पण तो पाळण्याची संधी सारखी नाही.

यावर उपाय नाही असे नव्हे. मुंबईचे उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. दुग्ध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने शहरातील तबेल्यांतून हजारो म्हशी गोरेगावजवळच्या मोकळ्या जागेत हलवल्या गेल्या. तेथे गोठे बांधून दिले, चाऱ्याची सोय केली, दुधाची खरेदी शासनाने स्वीकारली आणि शेणाला गवताची कुरणे मिळाली. मालकाने शहर सोडले, कारण बाहेर जाणे त्याला परवडले. नंतर शहरी भागात गुरे पाळण्यावर नियंत्रण आणणारा अधिनियम महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला, तरीही उपनगरांतील तबेले कायद्याच्या धाकाने नाहीसे झाले नाहीत. एकाच शहरातील हे दोन अनुभव शेजारी ठेवून पाहिले की, जागा आधी आणि मनाई नंतर हा क्रम किती महत्त्वाचा आहे ते कळते.

वाराणसीतही त्या दिशेने काही पावले पडली आहेत. २०१८ च्या अर्थसंकल्पात गोबरधन योजना जाहीर झाली. २३ डिसेंबर २०२१ रोजी रामनगर येथील दूध उत्पादक सहकारी संघाच्या केंद्रासाठी बायोगॅसपासून वीज तयार करणाऱ्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. शेणाला पुन्हा गिऱ्हाईक मिळाले तर ते पुन्हा वस्तू होईल आणि ज्याला भाव आहे त्याचा ढीग कोणी गटारात सोडत नाही. परंतु असे प्रकल्प शहराबाहेर असतात आणि ढीग गल्लीत असतो. मधल्या तीन-चार मैलांची हातगाडी, तिचा मजूर आणि तिचे दैनिक भाडे यांची तरतूद कोणत्या शीर्षाखाली करायची, हा खरा प्रशासकीय प्रश्न आहे. कोट्यवधींच्या प्रकल्पाचे यश त्या हातगाडीवर अवलंबून असते.

माझे म्हणणे दंडाविरुद्ध आहे असा समज होऊ नये. सोय असूनही जो गटारात लोटतो, त्याला वाहतूक खर्चापेक्षा जड आणि चुकवता न येणारा दंड झालाच पाहिजे. पंचगंगेवर बुडी मारणाऱ्या यात्रेकरूचा तो हक्क आहे. माझा आग्रह क्रमाचा आहे. साठा किती आहे आणि किती दिवसांचा आहे, हे दोन रकाने आपल्या प्रत्येक नोटिशीत असतात. तो कोठे न्यावा, हा तिसरा रकाना छापला जावा आणि तो भरल्याशिवाय अधिकाऱ्याला स्वाक्षरी करता येऊ नये. १९८८ च्या निकालाने हा रकाना सांगितला होता. आपण तो कोरा ठेवला.

या लेखाचे वाचक बहुतांशी महाराष्ट्राबाहेर, काही सातासमुद्रापार राहतात. केव्हा तरी ते काशीस जातील, ब्रह्माघाटाच्या गल्लीत एखाद्या गोठ्याशी नाक मुठीत धरून उभे राहतील आणि सरकार काय करते, असे विचारतील. प्रश्न योग्यच आहे. सरकार दंड करते. त्या वृद्ध गृहस्थाच्या प्रश्नाचे उत्तर देणे मात्र अजून बाकी आहे, आणि त्या दिवशी चहा पिऊन निघून गेलेल्या दोघांपैकी मी एक होतो, हे येथे नोंदवून ठेवतो.